तीन थेंबांचा हिशेब

१९९४ च्या उन्हाळ्यात कोल्हापूरजवळच्या एका माळावर मी १०० सीसी गटातली डर्ट ट्रॅकची शर्यत जिंकलो आणि तासाभरानं माझं नाव निकालातून खोडलं गेलं. तेव्हापासून आधी रायडर म्हणून, मग गॅरेजवाला म्हणून आणि गेली बरीच वर्षं गाड्या तपासणाऱ्या स्क्रूटिनीच्या टेबलामागं बसणारा माणूस म्हणून मी एकाच प्रश्नाभोवती फिरतोय. दुकानातून विकत घेतलेल्या गाड्यांच्या शर्यतीत सीसीचा नियम न्यायाचा केव्हा होतो? इतक्या वर्षांत जे हाती लागलं, ते तुमच्यापुढं ठेवतो.

१. नियम मोडायला लबाडी लागतेच असं नाही. माझी यामाहा आरएक्स १०० तिसऱ्या हातची. सिलिंडर इतका झिजला होता की गॅरेजच्या वस्तादांनी रिबोअर करून ०.५० चा ओव्हरसाइज पिस्टन बसवला. धूर थांबावा एवढाच हेतू होता. कंपनीतून ती गाडी आली तेव्हा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५० मिलिमीटर. आकारमान ९८ सीसी. बोअर अर्ध्या मिलिमीटरनं वाढला की तेच आकारमान १००.१५ वर जातं. दुसऱ्या आलेल्या मुलानं फी भरून हरकत नोंदवली, माझं हेड आणि ब्लॉक उतरवलं गेलं, माप घेतलं गेलं आणि मी बाद झालो. ०.१५ सीसी म्हणजे पेट्रोलचे जेमतेम तीन थेंब. ज्यांच्या घरी नवी गाडी घेण्याची ऐपत होती त्यांचे सिलिंडर ९८ वरच होते, हे मला फार लागलं. वस्ताद म्हणाले, "बाळा, तुला कुणी चोर म्हटलं नाही. गाडी मापात बसत नाही, एवढंच म्हटलं." त्या दोन वाक्यांतला फरक कळायला मला दहा वर्षं लागली.

२. सीसी हे भांड्याचं माप आहे, ताकदीचं नाही. हे मला पुस्तकानं नाही, गॅरेजच्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन ब्लॉकनी शिकवलं. एक आरएक्स १०० चा, दुसरा हिरो होंडा सीडी १०० चा. दोन्हींचा बोअर ५० मिलिमीटर. स्ट्रोक एकीचा ५०, दुसरीचा ४९.५. म्हणजे ९८ सीसी आणि ९७.२ सीसी, कुठल्याही सीसीच्या नियमात या सख्ख्या बहिणी. पण एक टू-स्ट्रोक, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला धडाका देणारी, ११ अश्वशक्तीची. दुसरी फोर-स्ट्रोक, एक फेरा सोडून जोर लावणारी, सात-साडेसात अश्वशक्तीची. गावोगावच्या शर्यतींत या दोन्ही एकाच गटात उभ्या केलेल्या मी पाहिल्यात. मग टू-स्ट्रोकचा एक सीसी म्हणजे फोर-स्ट्रोकचे किती? हा दर निसर्गानं ठरवलेला नाही, माणसांनी बसून ठरवायचा असतो. जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतही तो चुकतो. २००२ मध्ये ग्रां प्रीत ५०० सीसी टू-स्ट्रोकच्या जोडीला ९९० सीसी फोर-स्ट्रोक उतरवल्या आणि त्या वर्षीच्या सगळ्या, सोळाच्या सोळा शर्यती ९९० वाल्यांनी नेल्या.

३. सिलिंडर किती, या प्रश्नापाशी सीसीचा नियम पहिल्यांदा अडखळतो. वर्ल्ड सुपरबाइक स्पर्धा १९८८ मध्ये सुरू झाली, ती दुकानात मिळणाऱ्या गाड्यांवर बेतलेली. चार सिलिंडरवाल्यांना ७५० सीसी, दोन सिलिंडरवाल्यांना १००० सीसी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही उघड मेहेरबानी वाटली. मग कागद-पेन्सिल घेतली. होंडाच्या चार सिलिंडरच्या आरसी ३० चा पिस्टन ७० मिलिमीटरचा, स्ट्रोक ४८.६. दोन सिलिंडरच्या डुकाटी ९१६ चा पिस्टन ९४ मिलिमीटरचा, स्ट्रोक ६६. लहान, हलका पिस्टन थोडं अंतर जातो आणि लवकर परततो. म्हणून इंजिन जास्त फेरे घेतं आणि ताकद जोर गुणिले फेरे अशीच निघते. थोराड पिस्टनला तेवढे फेरे झेपत नाहीत, म्हणून त्याला भांडं मोठं दिलं. तर्क सरळ होता. पण १९८८ ते २००२ या पंधरा मोसमांत चार सिलिंडरवाले चारच वेळा विजेते झाले: फ्रेड मर्केल दोनदा, स्कॉट रसेल १९९३ मध्ये आणि जॉन कोचिन्स्की १९९७ मध्ये. उरलेली अकरा विजेतेपदं दोन सिलिंडरवाल्यांची. तर्क सरळ असला तरी आकडा चुकीचा असू शकतो, हे मी तिथं शिकलो.

४. आणि तरीही, निकालाकडं बोट दाखवून नियमाला दोषी ठरवता येत नाही. कार्ल फोगर्टी डुकाटीवर एकामागून एक विजेतेपदं घेत होता तेव्हा मी त्या २५० सीसीच्या सवलतीवर तावातावानं बोलायचो. मागून लक्षात आलं की ९१६ चं यश एकट्या इंजिनाचं नव्हतं. गाडी अरुंद होती, वळणातून बाहेर पडताना मागचं चाक जमीन धरून ठेवायची आणि वर फोगर्टी बसलेला. यातलं किती नियमाचं, किती गाडीचं, किती माणसाचं, हे कुणी वेगळं काढून दाखवणार? होंडानं वाद घालण्यापेक्षा सरळ दोन सिलिंडरची, ९९९ सीसीची गाडी बांधली आणि २००० मध्ये, उतरवली त्याच वर्षी, कॉलिन एडवर्ड्सनं तिच्यावर विजेतेपद घेतलं. मला ते उत्तर फार आवडलं. नियम तुझ्या बाजूचा वाटतो ना, मग तुझ्याच आखाड्यात येतो. पण ते होंडाला परवडणारं उत्तर होतं. कर्ज काढून एकच गाडी घेतलेल्या पोराला नियमाप्रमाणं दुसरी गाडी बांधता येत नाही. त्याच्यासाठी नियमच बरोबर असावा लागतो.

५. सीसी सारखे केले म्हणून बरोबरी होत नाही. २००३ पासून सुपरबाइकमध्ये सगळ्यांना १००० सीसी झाले. २००८ मध्ये दोन सिलिंडरवाल्यांना पुन्हा १२०० दिले, सोबत हवेच्या वाटेवर रिस्ट्रिक्टर आणि जास्तीचं वजनही. पण माझे डोळे उघडले २०१९ मध्ये. कावासाकीची झेडएक्स-१० आरआर आणि डुकाटीची पानिगाले व्ही४ आर, दोन्ही चार सिलिंडर, दोन्ही ९९८ सीसी. आकड्यात यापेक्षा जवळ काय येणार? पण कावासाकीचा पिस्टन ७६ मिलिमीटरचा, स्ट्रोक ५५. डुकाटीचा ८१ आणि ४८.४. स्ट्रोक आखूड म्हणून डुकाटी जास्त फिरायची. नियमानं तिला १६,३५० आरपीएमची हद्द होती, कावासाकीला १४,६०० ची. मी गणित करून पाहिलं, तर त्या हद्दीवर दोघींच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २६ मीटरच्या थोडा पुढं, जवळपास सारखाच निघाला. म्हणजे लोखंडावरचा ताण सारखा आणि ताकद वेगळी. डुकाटीवर अल्वारो बाउतिस्तानं मोसमातल्या पहिल्या अकरा शर्यती ओळीनं जिंकल्या. त्यातल्या नऊ झाल्यावरच डुकाटीचे २५० आरपीएम कापले गेले होते. शेवटी विजेता ठरला कावासाकीवरचा जोनाथन रे. पण तो त्या २५० फेऱ्यांमुळं ठरला, असं मी म्हणणार नाही. बाउतिस्ता पुढं अनेकदा पडला, जखमी झाला. न्यायाचा हिशेब करताना असे किती धागे एकात एक गुंततात!

६. दुकानातली गाडी म्हणजे नेमकी कुणाला परवडणारी गाडी, हा प्रश्न सीसीहून मोठा आहे. सुपरबाइकमध्ये गाडीला मान्यता मिळण्यासाठी किमान ५०० गाड्या बनवाव्या लागत आणि किमतीला ४०,००० युरोंची मर्यादा होती. व्ही४ आर ची किंमत निघाली ३९,९०० युरो. नियम पाळला गेला, अक्षरश: पाळला गेला. पण ती घेणार कोण? हेच मी आमच्या माळावर लहान प्रमाणात पाहिलंय. गट १०० सीसीचा, गाड्या सगळ्या ९८ च्या. पण एकाच्या गाडीला बाहेरून मागवलेला कार्बोरेटर, पोर्टिंग केलेला ब्लॉक, खास बनवून घेतलेला एक्स्पान्शन चेंबर, तर दुसऱ्याच्या गाडीला कंपनीचाच सायलेन्सर. सीसी मोजायला टेबल होतं, खर्च मोजायला नव्हतं. म्हणून आता कुणी नवी शर्यत भरवायचं म्हणून सल्ला विचारायला आला की मी आधी सीसीचं बोलत नाही. आधी विचारतो, गाडीत काय काय बदलायची मुभा देणार? ती यादी जेवढी छोटी, तेवढी गरीब घरच्या पोराला संधी मोठी.

७. गट आपण आखतो, पण तो जगतो किंवा मरतो बाजारात. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं आणि आमचा जिवाभावाचा गट हळूहळू ओसाड होत गेला. नव्या पोरांकडं १५० च्या पुढच्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. मी बरीच वर्षं जुना गट धरून बसलो, तो हट्ट चुकीचा होता. युरोपातही तेच झालं. ६०० सीसीच्या गाड्या शोरूममधून उठत गेल्या, तेव्हा २०२२ पासून सुपरस्पोर्ट गटात ९५५ सीसीची पानिगाले व्ही२ ६०० वाल्यांच्या रांगेत उभी राहिली. सीसीची जुनी भिंत पाडून इलेक्ट्रॉनिक बंधनांवर तोल सांभाळायचं ठरलं. पुढच्याच वर्षी निकोलो बुलेगा त्या गाडीवर विजेता झाला. पोरांच्या सुपरस्पोर्ट ३०० गटात यामाहा ३२१ सीसीची, केटीएम ३७३ ची, कावासाकी ३९९ ची. प्रत्येकीला किमान वजन वेगळं होतं, आरपीएमची हद्द वेगळी होती. २०१८ मध्ये याच गटात आना कारास्को एका गुणानं विश्वविजेती झाली, रोड रेसिंगमध्ये एकटीनं असं विजेतेपद मिळवणारी पहिली स्त्री. काटेकोर सीसीचा हट्ट धरला असता तर ती रांग उभीच राहिली नसती.

८. ज्या गोष्टीनं मला सर्वांत नमवलं, ती गोष्ट काट्यावर होती. कोल्हापूरला तालमी आहेत. वजनाचे गट आम्हाला कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात, आणि त्यामुळं त्या पदकाचं मोल कमी झालं असं कुणी म्हणत नाही. मग मोटरसायकलवरच्या माणसाचं काय? माझ्या त्या शर्यतीच्या दिवशी मी ५४ किलोचा होतो. ज्यानं हरकत घेतली तो ७६ चा. शंभर किलोच्या आसपासच्या गाडीवर २२ किलोंचा फरक! माझ्या दोन जादा सीसींपेक्षा हा फायदा कितीतरी मोठा होता, आणि तो मोजायला कुणी टेबल मांडलं नव्हतं. अन्याय माझ्यावर झाला, असं मी दहा वर्षं धरून चाललो. खरं तर त्या मुलानं त्या दिवशी २२ किलो जास्त ओढून माझ्या मागोमाग गाडी आणली होती. वर्ल्ड सुपरबाइकनं २०२४ मध्ये हे मान्य केलं. कपडे-हेल्मेटसह ८० किलो हा आधार धरून त्याहून हलक्या रायडरच्या गाडीला फरकाच्या निम्मं वजन जोडायचं ठरलं. निम्मंच का, पूर्ण का नाही, यावर वाद झालाच. पण काटा टेबलावर आला, हे मला मोठं वाटतं.

९. जिंकणाऱ्याला ओझं देणं हा न्याय आहे की शिक्षा, यावर माझं मत अर्धंच बदललंय. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडिकॅपच्या शर्यतीत जो घोडा चांगला ठरलाय त्याच्या पाठीवर जास्त वजन चढतं. तिथं ते सगळ्यांना मंजूर असतं, कारण शर्यतीचं नावच ते आहे. मोटरसायकलच्या शर्यतीत मात्र पोरगं वर्षभर घाम गाळून जिंकतं आणि पुढच्या शर्यतीला त्याचे आरपीएम कापले जातात. मला ते बोचायचं. आता वाटतं, सूत्र मोसमाआधी छापलेलं असेल, किती शर्यतींच्या निकालावर किती कापणार हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर ते ओझं सहन करता येतं. पण कुणी तरी आरडाओरडा केला म्हणून मधेच नियम हलवला, तर जिंकणाऱ्यालाही आपल्या विजयाची शंका येते आणि हरणाऱ्यालाही.

१०. माप घेणारा हात आणि ज्याचं माप घेतलं तो माणूस, या दोघांना एकच आकडा दिसला पाहिजे. सातारा-सांगलीकडं बैलांच्या शर्यतीत आदत आणि दुसा असे गट असतात, ते दातांवरून. जबडा उघडला की मालकालाही दात दिसतात, पंचालाही, गर्दीतल्या म्हाताऱ्यालाही. इंजिनाचं तसं नसतं; ते मिटलेलं असतं आणि आत काय आहे हे एकट्या मेकॅनिकला ठाऊक असतं. २००४ मध्ये एका स्थानिक शर्यतीत माझ्यापुढं एक मुलगा आला. जुनी आरएक्स, ०.५० चा पिस्टन. माझीच गोष्ट, दहा वर्षांनी, आणि मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. नियम तोच होता, मला त्याला बाद करावंच लागलं. मी व्हर्नियर त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "तूच माप घे." त्यानं तीनदा घेतलं. मग मान हलवून स्वत:च गाडी ढकलत बाजूला नेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या वर्षीच्या नियमात आम्ही एक ओळ घातली: कंपनीच्या १.०० पर्यंतच्या ओव्हरसाइज पिस्टनला मुभा. १०२ सीसी झाले तरी चालेल. ती ओळ दोन महिने आधी छापून वाटली. त्या वर्षी हेड खोलण्याची वेळ एकदाही आली नाही.

११. शेवटी मला न्यायाची एकच खूण सापडली. हरलेल्या पोराला घरी जाताना आपली हार स्वत:ची वाटली पाहिजे. मी वळण उशिरा घेतलं, माझा क्लच सुटला, तो माझ्यापेक्षा चांगला चालवतो. असं त्याला वाटलं तर नियम बरोबर. आणि तो सीसीवर, पिस्टनवर, टेबलावर बोट ठेवत घरी गेला, तर त्याची तक्रार खरी असो वा खोटी, आपलं काम अपुरं राहिलंय. जगातल्या मोठमोठ्या अभियंत्यांना पूर्ण बरोबरीचा आकडा गेल्या पस्तीसहून अधिक वर्षांत सापडलेला नाही, तो आपल्याला माळावर सापडणार नाही. पण शर्यत भरवणाऱ्यांनो, तुमच्या हातात तीन गोष्टी नक्की आहेत: नियम आधी छापा, जुन्या गाडीच्या झिजेला जागा ठेवा आणि माप त्या पोराच्या डोळ्यांसमोर घ्या.